नहरीपाशी तू विचारलं होतंस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

इथे आठ दिवस पावसाने झड लावली आहे. राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या चढतेय. सकाळचं फिरणं बंद आहे, त्यामुळे दोन तास मोकळे मिळतात. त्या वेळात मी वाचनालयातून आणलेली रोमच्या इतिहासाची पुस्तकं वाचून काढली. तुझ्या एका प्रश्नापायी.

मे महिन्यात तू आम्हाला जर्मनीतल्या आयफलच्या डोंगरात घेऊन गेली होतीस. नेटरशाइमजवळ रोमनांनी दगडाने बांधून काढलेला झरा आपण पाहिला आणि त्यांच्या नहरीच्या, म्हणजे झऱ्याचं पाणी शहरात नेणाऱ्या बांधीव पाटाच्या, वाटेने चालायला लागलो. पुढे एका ठिकाणी नहरीचा कापून काढलेला तुकडा उघड्यावर मांडून ठेवला होता. आई पुढे गेली होती. तू त्या तुकड्याच्या आतून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बाबा, आतला दगड वेगळाच आहे." तो दगड नव्हताच. पाण्यातला क्षार साचत साचत झालेला थर होता तो, चांगला वीतभर जाड. आपल्या गीझरच्या कॉइलवर बसतो तोच. मी तुला म्हटलं, वर्षाला साधारण मिलिमीटरभर वाढला असेल, म्हणजे पावणेदोनशे वर्षं तरी इथून पाणी वाहिलं. त्यावर तू विचारलंस, "मग बंद का पडलं? कुणी दुरुस्त का नाही केलं? आपलं सगळं मोडत चाललंय हे त्या लोकांना कळत कसं नव्हतं?"

मी म्हटलं, चल, पाऊस येतोय. उत्तर सुचलं नाही म्हणून तसं म्हटलं. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर देता येऊ नये, याचं मला परतीच्या विमानातही वाईट वाटत होतं. आता जे समजलंय ते लिहितो.

सुरुवात नहरीपासूनच करतो. डोंगरातल्या झऱ्यांपासून तुझ्या कोलोन शहरापर्यंत सुमारे ९५ किलोमीटर. बांधकाम इ.स. ८० च्या आसपासचं. पंप नाही, उपसा नाही. डोंगराच्या कडेकडेने वळसे घेत पाणी नुसतं उताराने शहरात यायचं. हिवाळ्यात गोठू नये म्हणून जवळजवळ सगळी नहर जमिनीखाली, आणि मधूनमधून माणूस आत उतरेल एवढी मॅनहोल. रोज दोन कोटी लिटर पाणी, म्हणजे आमच्या भाषेत २० एमएलडी. आज दीड लाख वस्तीच्या शहरासाठी आम्ही जेवढी योजना करू तेवढी. मलिक अंबरने खडकीला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला, बांधलेली नहर मी नोकरीत असताना पाहिली होती. तत्त्व हेच. अशा योजनेला वीज लागत नाही, पण माणसं कायम लागतात. झाडाची मुळं आत शिरतात, माती ढासळते, क्षार चढतो, कुठेतरी चुना सुटतो. दरवर्षी कुणीतरी आत उतरून बघावंच लागतं.

इ.स. २६० च्या सुमारास ऱ्हाइनपलीकडून फ्रँक टोळ्यांची धाड आली आणि त्या धामधुमीत नहर फुटली. ती पुन्हा कधीच सुरू झाली नाही.

मी या एका गोष्टीवर बराच विचार केला. फुटली म्हणजे सगळीच्या सगळी ९५ किलोमीटर फुटली नसणार. चार-सहा ठिकाणी फोडली असेल. दगड तिथेच होता, चुना भाजणारे होते, आखणी झालेली होती. माझ्या अंदाजाने दोनेकशे माणसं आणि दोन उन्हाळे मिळाले असते तर पाणी पुन्हा शहरात आलं असतं. बांधताना लागला त्याच्या एक दशांशही खर्च आला नसता. आणि मनू, त्याच वर्षी कोलोन ही राजधानी झाली होती. पोस्टुमस नावाच्या सेनापतीला त्याच्या सैन्याने सम्राट केलं आणि गॉल (साधारण आजचा फ्रान्स), ब्रिटन, स्पेन एवढा मुलूख रोमपासून वेगळा होऊन त्याच्या हाताखाली गेला. त्याचं ठाणं तुझ्या शहरात होतं. म्हणजे ज्या शहराचं पाणी तुटलं, तिथे खुद्द सम्राट राहत होता, टांकसाळ चालत होती, आणि नहर मात्र तशीच पडून राहिली.

तो सम्राट नालायक होता म्हणावं, तर तसंही नाही. नऊ वर्षं त्याने ऱ्हाइनची हद्द राखली. इ.स. २६९ मध्ये माइन्झला एकाने बंड केलं, ते त्याने मोडलं. मग सैनिक म्हणाले, आता शहर लुटू दे. तो नाही म्हणाला. त्यांनी त्याला तिथेच मारून टाकलं. आपल्याच राज्यातलं शहर लुटू देत नाही म्हणून आपल्याच सैनिकांच्या हातून मेलेला राजा. ज्याची गादी अशी सैनिकांच्या मर्जीवर उभी आहे, त्याच्याकडे नहरीच्या दुरुस्तीची फाइल गेली तर तो ती कधी उघडणार?

तुला माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. आमच्या पालिकेत एक फिटर होते. शिक्षण चौथी. रात्री दोन वाजता, गाव शांत झालं की, ते मेन लाइनवर लोखंडी दांडी टेकवायचे, दुसरं टोक कानाला लावायचे आणि जमिनीखालची गळती कुठे आहे ते सांगायचे. हातभर इकडे नाही की तिकडे नाही. मी त्यांच्याबरोबर कितीदा हिंडलोय. दांडी माझ्याही कानाला लावायचे आणि म्हणायचे, "साहेब, हे वाहतं पाणी, आणि हे रडतं पाणी." तो फरक मला कळायला दोन वर्षं लागली. ते निवृत्त झाले आणि त्यांचं पद व्यपगत झालं. म्हणजे रद्द केलं असं कुणी म्हणालं नाही, नुसतं भरलं नाही. त्या वर्षी काहीही बिघडलं नाही. नळ चालू होते. पुढच्या वर्षी रात्रपाळीचा व्हॉल्व्हमन गेला. तरी नळ चालू. मी तीन टिपणं पाठवली, तिन्हींवर "निधी उपलब्ध झाल्यावर" असा शेरा आला. सहाव्या वर्षी गावाला दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली, तेव्हा लोक विचारायला लागले की अचानक हे काय झालं. अचानक काहीच झालं नव्हतं. ज्या दिवशी त्या फिटरला नारळ आणि शाल देऊन आम्ही निरोप दिला, तो दिवस मला आठवतो. कुणाच्याही वहीत त्या दिवसापुढे "पाणीटंचाई सुरू" असं लिहिलेलं नसेल.

रोमचं वाचताना मला पदोपदी ते दिवस आठवत होते.

भरभराटीच्या काळात तिथे चोऱ्या नव्हत्या, लाचखोरी नव्हती, असं समजू नकोस. इ.स. ९७ मध्ये फ्राँटिनस नावाचा मोठा माणूस रोम शहराच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख झाला. कॉन्सल, म्हणजे राज्यातला सर्वोच्च अधिकारी, होऊन गेलेला, ब्रिटनचा सुभेदार राहिलेला माणूस पाण्याच्या खात्यात आला, आणि तो मान समजला जात होता. त्याने सगळा हिशोब मांडला: नहरी किती, कुठल्या नहरीला पाणी किती, शहरात पोचतं किती, मधे मुरतं किती. फरशीखालून चोरून घेतलेल्या जोडण्या त्याने शोधून काढल्या. पैसे घेऊन मुख्य नळाला भोकं पाडून देणारे त्याच्याच खात्यातले लोक होते, हेही त्याने लिहून ठेवलं. त्याच्या हाताखाली देखभालीचे सातशे गुलाम होते आणि त्यांची कामं वाटून दिलेली होती. चोरी तेव्हाही होती. पण पाणी मोजणारा माणूस होता, त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि त्याच्याकडे सातशे हात होते. मला वाटतं, साम्राज्याचं बळ कुठे होतं हे शोधायला रणांगणावर जायची गरज नाही.

मग ते बळ गेलं कुठे? बरंचसं पगारात गेलं. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट इ.स. २११ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्कला वारला. मरताना त्याने दोन मुलांना सांगितलं, असं त्या काळचा इतिहासकार लिहितो: एकोप्याने राहा, सैनिकांना श्रीमंत करा, बाकी कुणाची पर्वा करू नका. पहिला सल्ला वर्षभरही टिकला नाही, थोरल्या काराकालाने धाकट्याला आईच्या कुशीत मारवलं. दुसरा मात्र पुढच्या प्रत्येकाने पाळला, कारण न पाळणारा जिवंत राहत नव्हता. सैन्याचा पगार वाढवायचा, तर चांदी कुठून आणायची? पहिल्या सम्राटाच्या, ऑगस्टसच्या, काळातलं नाणं जवळजवळ निखळ चांदीचं होतं. काराकालाने इ.स. २१५ मध्ये नवं नाणं काढलं, किंमत दोन जुन्या नाण्यांची आणि आतली चांदी दीड नाण्याची. पन्नास-पंचावन्न वर्षांत त्याच नाण्यात शंभरातले पाच भागही चांदी उरली नाही. तांब्याची चकती, वर चांदीचा मुलामा. काही महिने वापरलं की राजाच्या नाकावरून, गालावरून मुलामा निघायचा आणि खालचं तांबं दिसायचं. ते नाणं हातात घेणाऱ्या बाईला, सैनिकाला, वाण्याला कळत नसेल का? त्यांना तर सगळ्यात आधी कळलं असणार. त्यांनी जुनी चांगली नाणी मडक्यात घालून पुरली. आज उत्खननात सापडतात ती.

इ.स. २३५ ते २८४ या एकोणपन्नास वर्षांत वीसहून जास्त सम्राट झाले, आणि अंथरुणावर मेलेला त्यात क्वचितच. खुद्द रोमभोवती इ.स. २७१ पासून १९ किलोमीटरची तटबंदी उभी राहिली. कित्येक शतकं ज्या शहराला तट लागला नव्हता, त्याला आता लागला. तुझ्या कोलोनमध्येही नहर दुरुस्त झाली नाही, पण इ.स. ३१० च्या सुमारास सम्राट कॉन्स्टंटाइनने ऱ्हाइनवर पूल बांधला आणि पलीकडे किल्ला. त्या किल्ल्याचं नाव दिव्हिटिया, त्याचंच झालं डॉइट्झ. तुझी खोली आहे तेच. तुझ्या बसस्टॉपवरून चालत जाता येईल एवढ्यावर त्याचे अवशेष आहेत. म्हणजे पैसा नव्हताच असं नाही. कारागीर होते, दगड होता, एवढ्या मोठ्या नदीत पाया घालायची विद्याही होती. पण जे काही उरलं होतं ते सगळं तटाकडे, पुलाकडे, सैन्याकडे जात होतं.

आणि गावं? इथे माझा जीव जास्त अडकतो, कारण मी आयुष्यभर पालिकेत राहिलो. रोमन शहरं चालवायचे त्यांच्या नगरसभेतले सभासद, तिथले सधन जमीनदार. चांगल्या दिवसांत ते स्वतःच्या पैशाने हमामखाने, कारंजी, रंगमंच बांधायचे आणि दगडावर स्वतःचं नाव कोरून घ्यायचे. नाव लावायची हौस होती, मान्य. पण त्या हौसेपायी गावात पाणी येत होतं. पुढे सरकारने कर वसुलीची जबाबदारी त्यांच्या गळ्यात घातली आणि तूट आली तर ती त्यांच्या खिशातून भरायची असं ठरवलं. मग सभासद व्हायला कुणी तयार होईना. कुणी सैन्यात गेला, कुणी सरकारी नोकरीत, कुणी पाद्री झाला, कुणी शेतावर जाऊन लपला. सरकारने कायदे काढले: सभासदाच्या मुलाने सभासदच व्हायचं, गाव सोडायचं नाही. इ.स. ४३८ च्या कायदेसंग्रहात या एका विषयावर दीडशेहून जास्त कायदे आहेत. तोच कायदा इतक्यांदा काढावा लागला, यावरूनच समजतं की माणसं पळतच होती. शेतकऱ्यांनाही इ.स. ३३२ मध्ये जमिनीशी बांधून टाकलं, मालकाला सोडून गेला तर बेड्या घालून आणायचा. एकेकाळी मान म्हणून जे काम लोक मागून घेत, ते आता बेडी झालं. माझ्या मते साम्राज्य तिथे मोडलं. हद्दीवर जे घडलं ते त्यानंतरचं.

डायोक्लिशियनसारख्या सम्राटांनी सावरायचा खूप प्रयत्न केला. त्याने कारभार चौघांत वाटला, करपद्धती नव्याने घातली, इ.स. ३०१ मध्ये हजारांवर वस्तूंचे आणि मजुरीचे कमाल भाव ठरवून दगडावर कोरले आणि जास्त घेणाऱ्याला देहदंड लावला. भाव काही थांबले नाहीत, पण राज्य आणखी दीडशे वर्षं उभं राहिलं. त्याचं श्रेय त्या माणसाला द्यायला हवं.

इ.स. ३७६ ची हकिगत मात्र मला वाचवेना. हूणांच्या भीतीने गॉथ लोक बायकामुलांसह डॅन्यूबच्या काठावर आले आणि आत येऊ द्या म्हणाले. सम्राटाने परवानगी दिली. धान्य द्यायचं ठरलं होतं, राहायला जमीन द्यायची ठरली होती. तिथल्या रोमन अधिकाऱ्यांनी, लुपिसिनस आणि मॅक्सिमस अशी दोघांची नावंही नोंदलेली आहेत, ते अन्न दाबून ठेवलं आणि भुकेल्या लोकांना कुत्र्याचं मांस विकलं. भाव काय? एका कुत्र्याला एक मूल, गुलाम म्हणून. सरदारांचीही मुलं गेली त्यात. हे त्यांच्याच सैन्यातल्या एका इतिहासकाराने लिहून ठेवलंय, आणि लिहिताना त्याला लाज वाटली आहे. दोन वर्षांनी, ९ ऑगस्ट ३७८ रोजी, एड्रियानोपलला त्याच गॉथांनी पूर्वेकडच्या रोमन सैन्याच्या तीन भागांतले दोन कापून काढले, तिसरा कसाबसा वाचला. सम्राट व्हॅलेन्सचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. त्या मुलांपैकी एकाची तरी आई त्या रणांगणाच्या जवळपास असेल, असं मला सारखं वाटत राहतं.

पुढचं तू कुठेही वाचशील, म्हणून भरभर लिहितो. इ.स. ३९५ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले ते कायमचे. इ.स. ४०६ च्या शेवटच्या दिवशी व्हँडल, अलन आणि सुएबी टोळ्या ऱ्हाइन ओलांडून आल्या. इ.स. ४०८ मध्ये गॉथांचा राजा अलारिक रोमला वेढा घालून बसला आणि वेढा उठवायची खंडणी ठरली: पाच हजार पौंड सोनं, तीस हजार पौंड चांदी, चार हजार रेशमी अंगरखे, तीन हजार लाल रंगवलेली कातडी, आणि तीन हजार पौंड मिरी. मिरी, मनू! जवळजवळ एक टन. ती मलबारची, आपल्याच किनाऱ्यावरून गलबतांनी गेलेली. तुला लहानपणी टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती दाखवायचो ना, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली? ती अशाच व्यापाराच्या वाटेने पंचगंगेच्या काठाला आली. तू म्हणायचीस, हा आपला देव नाही, हा इथे कसा? तो तिकडच्या समुद्राचा देव. त्यांची भरभराट होती तेव्हा त्यांचे देव इथवर आले, आणि वाईट दिवस आले तेव्हा इकडची मिरी त्यांच्या शहराच्या सुटकेला लागली. तरी दोन वर्षांनी, ऑगस्ट ४१० मध्ये, रोम लुटलं गेलंच.

त्याहून मोठा घाव इ.स. ४३९ चा होता. व्हँडलांनी उत्तर आफ्रिकेतलं कार्थेज शहर घेतलं. रोमचं धान्य आफ्रिकेतून यायचं, कराचा पैसाही तिथूनच. तो गेल्यावर सैन्य पोसायचं कशावर? लोक रोमच्या लुटीची वर्षं पाठ करतात, पण हिशोबाच्या वहीत बघितलं तर हे वर्ष जास्त वाईट.

इ.स. ४५७ मध्ये मेजोरियन नावाचा एक चांगला सम्राट झाला. त्याचा ४५८ सालचा एक कायदा वाचून मी पुस्तक मिटून बसून राहिलो. रोममधले लोक जुन्या सार्वजनिक इमारती फोडून दगड नेत होते. सरकारी कामाला दगड हवा म्हणून परवानगी काढायची आणि खासगी बांधकामाला न्यायचा. मेजोरियनने ते बंद केलं: परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास पौंड सोन्याचा दंड, आणि हाताखालच्या ज्यांनी फोडू दिलं त्यांना फटके मारून त्यांचे हात तोडायचे. शिक्षा क्रूर आहे. पण त्या शिक्षेवरून कळतं की तो माणूस किती घायकुतीला आला होता. त्याला दिसत होतं, मनू. आपल्या पूर्वजांनी बांधलेलं शहर आपलेच लोक पोत्यात भरून नेताहेत, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तीन वर्षांनी त्याच्याच सेनापतीने त्याला मारलं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की त्यांना कळत होतं. फ्राँटिनसच्या खात्यातली माणसं पुढे कमी होत गेली असतील, तेव्हा तिथल्या मुकादमाला कळलं असेल. नाणं घासून बघणाऱ्या वाण्याला कळलं. रात्रीतून गाव सोडणाऱ्या नगरसभासदाला कळलं. प्रत्येकाला आपापला तुकडा दिसत होता, आणि प्रत्येक जण त्या वर्षापुरतं निभावून नेत होता. ज्याला दुखणं दिसत होतं त्याच्या हातात पैसा नव्हता, आणि पैसा होता त्याच्या दारात पुढच्या महिन्याचा पगार मागायला सैन्य उभं होतं. मी टिपणं लिहीत होतो ना, तशी त्यांनीही लिहिली असतील.

आता एकच प्रसंग लिहितो, मला सगळ्यात जास्त लागलेला. तुमच्या जर्मनीतलाच आहे, पासाउचा. डॅन्यूबला इन नदी मिळते ते गाव. तेव्हाचं नाव बटाव्हिस. सेव्हेरिनस नावाचे एक साधू तिकडे राहायचे, इ.स. ४८२ मध्ये वारले. त्यांच्या शिष्याने पुढे त्यांचं चरित्र लिहिलं, त्यात हे आहे. तो लिहितो, रोमन साम्राज्य उभं होतं त्या काळात अनेक गावांतल्या सैनिकांना हद्द राखण्यासाठी सरकारी पगार मिळायचा. पगार यायचे बंद झाले, तसतशी पथकंही मोडली आणि हद्दही पुसली गेली. बटाव्हिसची तुकडी मात्र जागेवर टिकून होती. त्यांच्यातले काही जण आपल्या सोबत्यांचा शेवटचा पगार आणायला इटलीकडे निघाले. वाटेत त्यांना मारलं, आणि कुणालाच कळलं नाही. एके दिवशी सेव्हेरिनस आपल्या खोलीत वाचत बसले होते. त्यांनी एकदम पुस्तक मिटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि जवळच्या माणसांना म्हणाले, नदीवर जा लवकर, नदी रक्ताने लाल झाली आहे. तेवढ्यात निरोप आला की त्या सैनिकांची प्रेतं प्रवाहाबरोबर वाहत काठाला लागली आहेत.

ती माणसं पळून गेली नव्हती. मागे राहिलेल्यांचे पैसे आणायला निघाली होती. आमच्याकडे एका वर्षी चार महिने पगार झाला नव्हता, तेव्हा फिल्टर हाऊसवरची दोन पोरं रोज वेळेवर येऊन तुरटी घालत होती. डबा एकच आणायचे दोघांत. मी त्यांना म्हटलं, नका येऊ, हजेरी मी लावतो. तर म्हणाले, "साहेब, पाणी तर येतंय ना नदीचं." पासाउचं वाचलं तेव्हा त्या दोघांचे चेहरे डोळ्यांपुढे आले.

शाळेत आम्हाला शिकवलं, ४७६ साली रोमन साम्राज्य पडलं. त्या वर्षी ४ सप्टेंबरला ओडोएकर नावाच्या सेनापतीने रोम्युलस नावाच्या पोरसवदा सम्राटाला पदावरून उतरवलं, त्याच्या वयाची दया येऊन जीव न घेता वर्षाची नेमणूक लावून दिली, आणि राजचिन्हं पूर्वेच्या राजधानीला, कॉन्स्टँटिनोपलला, धाडली. दुसऱ्या दिवशी रोममध्ये बाजार भरलाच असेल. सेनेट पुढेही बसत होतं, कॉन्सल नेमले जात होते. पूर्वेचं राज्य तर १४५३ पर्यंत चाललं आणि तिथले लोक शेवटपर्यंत स्वतःला रोमनच म्हणवत होते.

रोम शहराची खरी तहान इ.स. ५३७ मध्ये सुरू झाली. गॉथांनी वेढा घालून नहरी तोडल्या. त्या पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्क्या थांबल्या, तेव्हा बेलिसारियस या सेनापतीने टायबर नदीत होड्या बांधून त्यांवर चक्क्या बसवल्या. शहर खचलं नव्हतं अजून, डोकं चालत होतं. पण टेकड्यांवरची वस्ती हळूहळू नदीकडे खाली सरकली आणि एकेकाळी दहा लाख वस्तीचं ते शहर काही हजारांवर आलं.

त्यातल्या एका नहरीचं मात्र तुला सांगायलाच हवं, कारण गेल्या वर्षी तू रोममधल्या ट्रेव्हीच्या कारंज्याचा फोटो पाठवला होतास. ऑगस्टसचा सेनापती अग्रिपा याने इ.स.पू. १९ मध्ये रोमला एक नहर आणली, तिचं नाव व्हर्गो. हाच अग्रिपा, ज्याने ऱ्हाइनच्या काठी, आजच्या कोलोनच्या जागी, वस्ती बसवली. ती नहरही बहुतेक जमिनीखाली. तुटली, गाळाने भरली, कुणीतरी पुन्हा साफ केली, पुन्हा भरली, पोपांनी पुन्हा दुरुस्त केली. ट्रेव्हीला आज पाणी येतं ते त्या नहरीचं. आणि तुमच्या आयफलच्या नहरीत पाणी नव्हतं, म्हणून मध्ययुगातल्या लोकांनी तिच्यातला तो क्षाराचा थर कापून काढला. घासला तर संगमरवरासारखा दिसायचा, तपकिरी रेघारेघांचा. त्याचे खांब करून त्यांनी चर्चमध्ये लावले.

तर आता एक काम कर. ऑक्टोबरच्या सुट्टीत पुन्हा त्या वाटेने जाशील तेव्हा सोबत जाड स्वेटर आणि टॉर्च ने. नहरीच्या त्या तुकड्यापाशी पाऊस होता म्हणून मला नीट बघता आलं नाही. भिंतीला लागून आहे तो पहिल्या वर्षाचा थर. तिथून आत आत येत जा. सगळ्यात आतला, जिथे तुझा हात फिरला होता, तो शेवटच्या पाण्याचा. तो बाकीच्यांपेक्षा पातळ आहे का, त्यात माती मिसळलेली दिसते का, ते मला बघायचंय. माती असेल तर नहर फुटायच्या आधीपासूनच कुणी आत उतरत नव्हतं. पट्टी ठेवून, तिरक्या उजेडात, जवळून फोटो काढ.

आईने मेतकूट आणि कुळथाचं पीठ पाठवलंय, पार्सल शुक्रवारी निघेल.

तुझा,
बाबा